रमण्यातून वेताळ पेठेत

पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा आणि जोतीराव फुल्यांच्या शाळा यांचा संबंध सहसा विरोधाचा म्हणूनच सांगितला जातो. एकीकडे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात रुपये घ्यायला कोंडलेले ब्राह्मण, दुसरीकडे वेताळ पेठेत पाटी घेऊन बसलेल्या मुली. पण १८५० नंतरच्या चार-पाच वर्षांतले कागद वाचताना दोन्हींचा हिशेब एकाच खात्यावर येतो. या शाळांना सरकारातून दरमहा जी ७५ रुपयांची मदत सुरू झाली, ती दक्षिणा फंडातून. हे पैसे तिथवर कसे पोचले, ते पाहायचे तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

दक्षिणेची प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, दाभाड्यांचे बळ खचले आणि दक्षिणा वाटण्याचा मान पुण्याला पेशव्यांकडे आला. पुढे तिचा पसारा एवढा वाढला की पर्वतीजवळ त्यासाठी खास आवार बांधावे लागले. तोच रमणा. आवारात ब्राह्मणांना आत घ्यायचे, दरवाजे लावायचे आणि मग एकेकाला बाहेर सोडताना हातावर रुपये ठेवायचे. एकदा घेतलेला पुन्हा रांगेत शिरू नये, हा त्यातला साधा हिशेब. शास्त्रात परीक्षा देऊन उतरलेल्या पंडितांची सोय निराळी होती. त्यांना विद्येच्या मानाने जास्त मिळे. रमण्यातल्या सामान्य भिक्षुकाला मात्र दोन-पाच रुपयेच, पण माणसेच इतकी की एकूण खर्च लाखांच्या घरात जाई. ही रक्कम दौलतीच्या खजिन्यातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून येत होती. पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण वाद घालणारे बहुतेक जण ती विसरतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, देवस्थाने, वर्षासने चालू ठेवण्याची हमी होती. दक्षिणा एका झटक्यात बंद केली तर पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरेल, हे त्याला दिसत होते. म्हणून तिचा आकार छाटून सालीना ५०,००० रुपये राखून ठेवले आणि शक्य तेवढा पैसा विद्येकडे वळवायचे धोरण ठरवले. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, ती या धोरणातूनच. शंभर विद्यार्थी, दरेकाला दरमहा पाच रुपये वेतन, आणि विद्यार्थी फक्त ब्राह्मण. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला वाडा, पेशव्यांच्याच दक्षिणेचा पैसा आणि मालक मात्र कंपनी सरकार. इंग्रजांना हा व्यवहार स्वस्तात पडला, असेच म्हणावे लागेल.

१८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने आणखी एक पाऊल टाकले. दक्षिणेच्या यादीत नवे नाव चढवायचे नाही. ज्यांना मिळते त्यांना हयातभर मिळावे, आणि माणूस वारला की त्याची रक्कम शिलकीत पडावी. हा निर्णय कारकुनी दिसतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कोणाच्या तोंडचा घास न काढता दरसाल फंडात थोडी थोडी शिल्लक साठू लागली. शिलकीचा पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

तो उघडपणे विचारला गेला १८४९ साली. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या काही सुशिक्षितांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा पैसा लोकांच्या उपयोगी पडेल अशा कामी लावावा, मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना त्यातून बक्षिसे द्यावीत, आणि ती देताना जात पाहू नये, असे त्यात मागणे होते. शहरात गहजब उडाला. अर्ज करणारे काही परके नव्हते. लोकहितवादींचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे फडणीस होते. म्हणजे ज्या दौलतीने दक्षिणा वाटली, तिच्याच दफ्तरदारांच्या घरचा हा मुलगा. त्यामुळे जुन्या मंडळींना तो जास्तच झोंबला. चरित्रकार सांगतात की अर्जदारांना दमदाटी होणार असा रंग दिसताच जोतीरावांनी महारमांगांतले दोनशे धट्टेकट्टे गडी त्यांच्या पाठीशी उभे केले. ही हकीकत चरित्रांतून आलेली आहे, सरकारी कागदातून नव्हे; तिच्यातला आकडा फार ताणू नये. पण बावीस वर्षांचे जोतीराव त्या वादात कोणत्या बाजूला होते, हे त्यातून नीट कळते.

सरकारने अर्ज अर्धामुर्धा मानला. मराठी पुस्तकांच्या बक्षिसांसाठी फंडातून सालीना ३,००० रुपये तोडून दिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली. त्याच सुमारास, १८५१ साली, विश्रामबागवाड्यातली पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक करून पुणे कॉलेज झाले आणि त्याचे दार इतर जातींना उघडले.

शाळांच्या कागदांकडे वळले की तारखांचा गुंता समोर येतो. १८४८ साल आणि भिडे वाडा ही महाराष्ट्राला पाठ असलेली सुरुवात. पुढे सुशिक्षितांच्या कमिटीच्या कारभारात चाललेल्या मुलींच्या शाळांच्या तारखा त्यानंतरच्या आहेत: ३ जुलै १८५१, बुधवार पेठेत चिपळूणकरांचा वाडा, १७ सप्टेंबर १८५१, रास्ता पेठ, १५ मार्च १८५२, वेताळ पेठ, म्हणजे आजची गुरुवार पेठ. आणि खुद्द जोतीराव १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना मुलींची शाळा १८५४ च्या सुमारास काढल्याचे सांगतात. हे साल तर वरच्या सगळ्या तारखांनंतरचे. यावरून काही जण एकाला खोटे ठरवून दुसऱ्याला खरे धरतात. तशी गरज नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस तरुणपणीची गोष्ट ढोबळ आकड्यात सांगतो; तारखेसाठी त्या वेळचा कागद धरावा, कामाच्या क्रमासाठी त्याचे निवेदन. क्रम त्यात स्वच्छ आहे. आधी स्वतः आणि पत्नी सावित्रीबाई मिळून चालवलेली मुलींची शाळा, मग सुशिक्षितांच्या कमिटीकडे तिचा कारभार, मग आणखी दोन शाळा. आणि मुलींच्या शाळेनंतर वर्षभरात महारमांगांसाठी शाळा, तिलाही पुढे दोन जोडल्या.

‘कमिटी’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. नवराबायकोच्या शाळेला सरकार पैसे देत नसे, कमिटीला देई. हिशेब ठेवणारे, अहवाल काढणारे, परीक्षेला साहेब बोलावणारे मंडळ लागे. मुलींच्या शाळांच्या कमिटीत बापू रावजी मांडे, केशव शिवराम भवाळकर, अण्णा सहस्रबुद्धे अशी नावे आहेत, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरही. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीचे चिटणीस झालेले ते हेच कृष्णशास्त्री. महारमांगांच्या शिक्षणासाठी १८५३ साली निराळी मंडळी स्थापन झाली. तिच्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे जोतीरावांचे मित्र होते. या नावांत ब्राह्मण किती, हे मोजून फुल्यांच्या चळवळीचे श्रेय इकडेतिकडे वाटण्याचा उद्योग बराच झाला आहे. मला त्यात वेगळेच दिसते. पुण्यातले पैसे सोडवायचे तर अर्जाखाली कोणाच्या सह्या हव्यात, हे जोतीरावांना पक्के ठाऊक होते.

सरकारी मंजुरीला आधी नजरेची खात्री लागे. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी आणि सरकारचे सेक्रेटरी लम्सडेन मुलींच्या शाळा पाहून गेले आणि खूश झाले, असे जोतीरावांनीच नमूद केले आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात पुणे कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी दिली गेली. आणि १२ फेब्रुवारी १८५३, शनिवारी, पुणे कॉलेजच्या आवारात मुलींची जाहीर परीक्षा झाली. त्या वेळच्या वृत्तांतात २३७ मुलींचा आकडा आहे आणि बघ्यांची गर्दी तीन हजारांची. गर्दीचा आकडा कोणी मोजून लिहिलेला नसतो. निम्मा धरला तरी पुण्यासारख्या शहराला तो पुष्कळ. परीक्षा म्हणजे तेव्हा तमाशाही होता आणि हिशेबही. वर्गणीदाराला पैसे कुठे गेले ते डोळ्यांनी दिसायचे, आणि सनातन्यांनाही. ब्राह्मण मुलांना वेतन देऊन संस्कृत शिकवण्यासाठी दिलेल्या वास्तूत, मुली शेकडो लोकांदेखत मराठी वाचून दाखवत होत्या.

७५ रुपये म्हणजे वर्षाचे ९००. पन्नास हजारांच्या फंडापुढे ही रक्कम शंभराला दोनसुद्धा नाही. पुस्तकांच्या बक्षिसांना दिलेल्या तीन हजारांच्या मानानेही ती तिसऱ्या हिश्शाहून कमी. शाळांचा बाकीचा खर्च वर्गणीवर चाले, त्यात पुण्यातले युरोपीय अधिकारी होते आणि देशी गृहस्थही. पण वर्गणी एका महिन्यात येते, दुसऱ्यात येत नाही. दरमहा ठरलेली रक्कम असली की पंतोजीचा पगार तुंबत नाही, आणि पंतोजी टिकला की शाळा टिकते. लहान संस्थांना मोठ्या देणगीपेक्षा नियमित देणगी का लागते, हे ज्यांनी अशी संस्था चालवली आहे त्यांना सांगावे लागत नाही.

या शाळांतून काय निघाले, याचा एक कागद छापील आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च, मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध आला. लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, मुक्ता. वय चौदाच्या आसपास, शिकलेली जेमतेम तीन वर्षे. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते पाहण्याची मुभा नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती घालते. बाळंत होणाऱ्या मांगमहारांच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे ती लिहिते. आणि बाजीरावाच्या राज्याची आठवणही काढते: तालिमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होई, अशी. तिच्या जन्माआधीची ही गोष्ट तिने घरीदारी ऐकलेली असणार. दक्षिणेच्या पैशानेच ती शिकली असे म्हणण्याचा मोह आवरावा. रुपयावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. मात्र जी राजवट दक्षिणा वाटत होती तिची मांगवाड्यातली ख्याती, त्या दक्षिणेच्या आश्रयाने चाललेल्या शाळांपैकी एकीतून बाहेर आली, एवढे निश्चित.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी स्वतः दक्षिणा प्राइझ कमिटीचे दार ठोठावले. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी बक्षिसासाठी पाठवले. भोळ्या कुणबी जोडप्याला एक भट जोशी ग्रहांची भीती घालून कसा नागवतो, ते त्यात दाखवले आहे. शेवटी ते जोडपे शिकण्यासाठी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची वाट धरते. कमिटीने नाटक नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त लिहिले. नाटक बासनात गेले. ते छापले गेले १९७९ साली ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. एकाच फंडाने शाळा चालवायला पैसे दिले आणि त्या शाळेत का जावे हे सांगणाऱ्या नाटकाला नाकारले. यात विसंगती वाटते, पण कागद वाचणाऱ्याला ती फारशी वाटत नाही. मुलींनी वाचायला शिकणे हे साहेबाला दाखवता येण्यासारखे पुण्यकर्म होते. वाचून त्यांनी काय म्हणावे, हा कमिटीच्या अखत्यारीतला प्रश्न होता.

पुढची हकीकत थोडक्यात. १८५७ च्या बंडानंतर युरोपीय वर्गणीदारांनी हात आखडला. जोतीराव कारभारातून बाजूला झाले. त्याचे कारण आयोगापुढे सांगण्याचे त्यांनी टाळले. मुलींच्या शाळा कमिटीने शिक्षणखात्याच्या हवाली केल्या. महारमांगांची एक शाळा १८८२ साली उरली होती, पण तिची स्थिती समाधानकारक नव्हती. दक्षिणेचा पैसा उच्च शिक्षणाकडे वळला. कॉलेजांत दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या आणि रानडे, भांडारकर हे पहिल्या फेलोंपैकी होते. त्यांच्या विद्वत्तेचे मोल कमी नाही. पण फंड फिरून पुन्हा वरच्या माणसांकडेच आला, हेही खरे.

आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव आपल्या शाळांची हकीकत सांगताना शालजोडीचा उल्लेख आवर्जून करतात. त्यानंतर मात्र ते उपकार मानत बसत नाहीत, थेट सरकारी खर्चावर येतात. सरकारचा मोठा वसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर होणारा खर्च वरच्या वर्गाच्या पदरात पडतो, ही त्यांची तक्रार. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, रयतेकडून घेतलेल्या लोकल फंडातून ते चालवा, जिथे महारमांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नाहीत तिथे त्यांना निराळी शाळा द्या, शिक्षक शेतकरीवर्गातले नेमा, खालच्या वर्गातल्या मुलांना बक्षिसे आणि विद्यावेतने द्या, अशी एकेक मागणी ते मांडत जातात. तीस वर्षांपूर्वी त्यांनी ७५ रुपयांसाठी कमिटीच्या सह्यांनिशी अर्ज केले होते. या वेळी निवेदनाखाली सही एकट्याची आहे, आणि मागणी अनुदानाची नाही, हिश्शाची आहे.