रिकाम्या काट्याची नोंद

लासलगावला कांद्याची कमतरता नाही. तेव्हा तिथल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात कांद्यावरचा एखादा प्रयोग हमखास असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात आम्हाला परीक्षक म्हणून बोलावले होते. नववीतल्या एका मुलाने चाळीस उन्हाळ कांद्यांना क्रमांक घातले होते आणि जून ते ऑक्टोबर, शाळेच्या प्रत्येक दिवशी, प्रत्येक कांद्याचे वजन वहीत लिहिले होते. साठवणीत घट किती होते, हा विषय. तक्ता नाही, रंगीत चित्र नाही, फक्त वही.

वही चाळताना एके दिवशी चाळीसच्या चाळीस कांद्यांचे वजन एकेक ग्रॅमने वाढलेले दिसले. "अरे, ठेवलेल्या कांद्याचं वजन वाढेल कसं?" असे आम्ही विचारले. मुलगा आमच्याकडे न बघता पहिल्या कांद्याची वजने पहिल्या दिवसापासून वाचू लागला. दुसरा प्रश्न विचारला, तरी वाचन चालूच. आम्ही सर्वांत कमी गुण देऊन पुढच्या टेबलाकडे वळलो.

संध्याकाळी त्याच्या विज्ञानाच्या बाई भेटल्या. "सर, वहीतला पहिला रकाना बघितलात का?" त्या रकान्याचे शीर्षक होते 'रिकामा काटा'. रोज कांदे ठेवण्याआधी तो रिकाम्या काट्याचे वाचन लिहीत असे. सगळीकडे शून्य, त्या एका दिवशी एक ग्रॅम. आमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होते, आणि उपकरणाची शून्यत्रुटी शिकवणारे आम्हीच ते वाचले नव्हते. मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, हे बाईंनी मग सांगितले. नाशिकला रीतसर निदान झाले होते. "दहावीनंतर ह्याला विज्ञान घेऊ द्यायचं का, सर? पुढं प्रयोगशाळेत कुणी उभं करेल का?" त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मात्र विज्ञानाचा इतिहास या प्रश्नासाठी पुन्हा चाळला.

पहिले नाव हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) यांचे. त्यांच्या हयातीत स्वमग्नता हे निदानच नव्हते. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी २००१ साली त्यांच्या चरित्रातील नोंदींवरून ते स्वमग्नतेच्या वर्गातले असावेत, असे मत मांडले. मेलेल्या माणसाचे निदान हा अंदाजच असतो, आणि न्यूटनपासून आइनस्टाइनपर्यंत सर्वांना या यादीत बसवण्याची हौस आम्हाला पटत नाही. पण कॅव्हेंडिश यांच्याबाबतीत समकालीनांनी लिहिलेले बोलके आहे. अनोळखी माणूस समोर आला की ते निघून जात. जेवणाला काय हवे ते चिठ्ठीवर लिहून ठेवत. घरातल्या नोकराणी समोर येऊ नयेत म्हणून त्यांनी वेगळा जिना बांधून घेतला. त्यांच्याशी बोलायचे तर जवळ उभे राहून, त्यांच्याकडे न बघता, हवेत बोलल्यासारखे बोलावे, असा सल्ला रॉयल सोसायटीत नवख्यांना मिळे. म्हणजे त्या मंडळींनी त्यांच्यापुरती बोलण्याची रीत बदलली होती. हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

याच माणसाने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पृथ्वीची सरासरी घनता काढली. सुमारे १५८ किलोचे दोन शिशाचे गोळे दोन लहान गोळ्यांना किती ओढतात, हे मोजायचे होते. माणसाच्या अंगाच्या उबेने खोलीतली हवा हलू नये म्हणून त्यांनी उपकरण बंद खोलीत ठेवले आणि बाहेरून दुर्बिणीतून वाचने घेतली. उत्तर आले पाण्याच्या ५.४८ पट, आजचे उत्तर सुमारे ५.५१ आहे. त्याआधी, १७८५ साली, हवेतला नायट्रोजन ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोग पाववून काढून टाकताना शेवटी एक बुडबुडा उरला. नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, एवढा. दुसऱ्या कुणी तो 'प्रयोगातील चूक' म्हणून सोडला असता. कॅव्हेंडिश यांनी तो लिहून ठेवला. १८९४ साली रॅले आणि रॅम्से यांना अरगॉन सापडला तेव्हा त्या बुडबुड्याचा अर्थ लागला.

पण कॅव्हेंडिश यांना नोकरी मागावी लागली नाही. ते इंग्लंडमधल्या अतिश्रीमंतांपैकी होते. केंब्रिजची पदवी न घेताच बाहेर पडले, तरी घरच प्रयोगशाळा होते. दोन एकरवाल्याच्या मुलाला हे उदाहरण देऊन काय उपयोग?

म्हणून दुसरी गोष्ट शेताची. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. १९४२ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याला घराजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले गेले. या मुलाला मोजण्याचा ध्यास होता. शेतकऱ्याने तो मोडायचा प्रयत्न केला नाही. त्याने डोनाल्डला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. तेव्हा नांगर हातात देऊन, नांगरता नांगरता ओळी मोज, असे सांगितले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तिथे गेले, तेव्हा मुलगा घोडा आणि नांगर उत्तम हाताळत होता. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने नोकरी केली आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो वारला. कॅनर यांनी १९७१ साली त्या अकरा जणांचा मागोवा घेतला. जे मोठ्या सरकारी संस्थांत डांबले गेले, त्यांच्याजवळची होती ती कौशल्येही मावळली होती. आजाराच्या जातीइतकाच फरक ठेवण्याच्या जागेने पाडला होता. त्या शेतकऱ्याने मानसशास्त्राचे पुस्तक उघडले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली अशाच मुलांविषयी लिहिले. त्यांच्या पाहण्यातला एक जण पुढे खगोलशास्त्रात विद्यापीठात शिकवू लागला होता. पण नाझी राजवटीत काही अपंग मुलांना जिथे मारले जात होते त्या संस्थेत पाठवण्यात अ‍ॅस्पर्गर यांचाही हात होता, हे २०१८ साली कागदपत्रांतून पुढे आले. 'कामाची' मुले आणि 'बिनकामाची' मुले अशी वाटणी कुठवर जाते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. सर्व स्वमग्न मुले प्रयोगशाळेत जाणार नाहीत. अनेकांना आयुष्यभर आधार लागेल, आणि त्यांचा हक्क त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट थेट विज्ञानशिक्षकाची. टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) शाळेत असताना नात्यातल्या एका बाईंच्या गोठ्यावर गेल्या. लस टोचताना गुरांना ज्या खोड्यात धरतात, त्यात काही गुरे शांत होतात, हे त्यांनी पाहिले आणि स्वतःसाठी तसा लाकडी खोडा बनवला. मानसतज्ज्ञांना हे वेड वाटले; खोडा काढून घ्यावा असे त्यांचे मत. विज्ञानशिक्षक विल्यम कार्लॉक यांनी म्हटले, दाबाने माणूस शांत का होतो ते शोधायचे असेल, तर विज्ञान शिकावे लागेल. आणि ते तिला शोधनिबंधांच्या सूची कशा बघायच्या हे शिकवायला ग्रंथालयात घेऊन गेले. १९८९ साली ग्रँडिन यांना पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळाली आणि त्या कोलोरॅडोत प्राध्यापक झाल्या. त्याआधीची त्यांची कामे मिळवण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. बोलून छाप पडणार नाही हे ओळखून त्या आपल्या आराखड्यांची आणि छायाचित्रांची चोपडी समोर ठेवत. माणूस बाजूला, काम पुढे.

आमच्या मते प्रश्नाची गाठ इथेच आहे. अशा मुलाला प्रयोगशाळेतले काम जड जात नाही, प्रयोगशाळेचे दार जड जाते. लासलगावच्या आसपासच पाहा. निफाडला गव्हाचे संशोधन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यात माती, पाणी, द्राक्षवेलींचे पानदेठ, निर्यातीच्या द्राक्षांतले कीडनाशकांचे अंश तपासले जातात. खुद्द लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० ची शंभर ग्रेच्या आतली मात्रा पुरते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागते. अशा सगळ्या कामांत रोज तेच मोजमाप, तितक्याच काळजीने, आणि विचित्र वाचन आले तर न खोडता लिहिणारा माणूस हवा असतो. निवडताना मात्र बघितले जाते ते हसून उत्तर देणारा कोण.

कायदा थोडा पुढे आला आहे. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आहे. सरकारी नोकऱ्यांतील किमान चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात ती येते. उच्च शिक्षणात एकूण किमान पाच टक्के जागा आहेत. शिवाय केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' वर्गाच्या पदांसाठी मुलाखत बंद केली. हेतू भ्रष्टाचार रोखण्याचा होता. पण ज्याचे हात चालतात आणि जीभ अडखळते, त्याचाही त्यात फायदा झाला.

शिक्षकांच्या हातातली गोष्ट दहावीच्या अर्जाची. जादा वेळ, लेखनिक या सवलती जरूर घ्याव्यात. परंतु गणिताऐवजी सोपा पर्यायी विषय घेण्याची सवलत घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. आयटीआयच्या प्रयोगशाळा सहाय्यक अभ्यासक्रमालाही दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. दयेपोटी सोडवलेला विषय पुढची वाटच बंद करतो, आणि हे पालकांना बहुधा निकालानंतर कळते.

बाईंना आम्ही हे सगळे पत्राने कळवले. त्यांनी मुलाला गणित सोडू दिले नाही. तो आता अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. अनुमापनात तीन वाचने जुळल्याखेरीज तो ब्युरेटपासून उठत नाही, तास संपून शिपाई दिवे घालवू लागला तरी. तोंडी परीक्षेला त्याला प्रश्न लेखी देता येतील का, याबद्दल बाई आणि प्राचार्य यांच्यात अजून बोलणी चालू आहेत.