तेरच्या मूर्तीचा हरवलेला अर्धा भाग

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली खोल भोक आहे. म्हणजे ती नुसती बाहुली नव्हे, कशाचा तरी भाग. कोणी तिला छोट्या मेजाचा पाय मानतात, कोणी आरशाची मूठ. मूठ असेल, तर वर घासून चकचकीत केलेली धातूची तबकडी असणार.

तबकडी गेली कुठे? धातू वितळवून पुन्हा वापरता येतो, कोरलेला दात नाही. शिवाय हस्तिदंत म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजेन. आम्लधर्मी मातीत हे फॉस्फेट विरघळते. मराठवाड्याची चुनखडीयुक्त काळी माती बहुधा अल्कधर्मी. तांबे मात्र गंजते, आणि गंजताना शेजारच्या दातावर हिरवा डाग ठेवू शकते.

तेरला सहल नेलीत, तर मुलांना मूर्तीचे डोके आणि तळ नीट पाहायला सांगा. भोक दिसते का? कडेला हिरवट छटा?