वर्ड बंद पडले, अर्ज गेला? आधी हे करा
शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची निवेदने आम्ही वर्डमध्ये टाइप करतो. विंडोजवर वर्ड मध्येच बंद पडले, तरी मजकूर बहुधा परत मिळतो. वर्ड पुन्हा उघडा. डावीकडे वाचलेल्या प्रती दिसतात. न दिसल्यास फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स या क्रमाने जा. सेव्ह न केलेली फाईल तिथे साधारण ४ दिवसच राहते, म्हणून लगेच शोधा.

वर्ड वारंवार बंद पडत असेल, तर कंट्रोल बटण दाबून ठेवून ते उघडा. सेफ मोडमध्ये नीट चालले, तर दोष बहुधा अ‍ॅड-इनचा. एकेक बंद करून पाहा.

ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी प्रत ठेवते. ऑप्शन्समधील सेव्हमध्ये ती वेळ १ मिनिट करा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दहा मिनिटांचे कामही पुन्हा करायला वेळ नसतो.