आडवा ग्रह आणि एकाच ऋतूची ओळख

मागच्या व्याख्यानात आपण पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल पाहिला. आज युरेनसकडे वळू. त्याचा कल सुमारे ९८ अंश, म्हणजे हा ग्रह जवळजवळ आडवा पडूनच सूर्याभोवती फिरतो.

हे कळलं कसं? विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला, तेव्हा दुर्बिणीत दिसत होती नुसती एक लहानशी चकती. १७८७ मध्ये त्यालाच या ग्रहाचे दोन चंद्र सापडले, आणि त्यांच्या कक्षा ग्रहाच्या भ्रमणमार्गाला जवळजवळ काटकोनात निघाल्या. असे मोठे चंद्र सहसा ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात. म्हणजे आसाची दिशा चंद्रांनी सांगितली.

युरेनसचं एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचं. त्यामुळे ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं दिवस आणि तितकीच वर्षं रात्र! २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ तिथून गेलं, तेव्हा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. छायाचित्रांत ग्रह अगदी एकसारखा, शांत दिसला. आपणही त्याला नीरस ठरवून मोकळे झालो.

पुढे २००७ मध्ये सूर्य त्याच्या विषुववृत्तावर आला. त्या सुमारास हबल आणि केक दुर्बिणींना तिथे तेजस्वी ढग आणि वादळं दिसली. आपण पाहिला होता एक ऋतू, आणि धरून चाललो की हाच ग्रहाचा स्वभाव.

व्हॉयेजरच्या भेटीत युरेनसच्या चंद्रांचे उत्तर गोलार्ध अंधारात होते. त्यानंतर तिथे दुसरं यान गेलेलं नाही. त्यांची निम्मी ओळख अजून बाकीच आहे.