नरनाळ्याचा दरवाजा वाचू या

वाचकहो, पिसाचा कलता मनोरा कोठे आहे, असे आपल्या घरातील आठवीच्या मुलास विचारून पाहावे. 'इटलीत' असे उत्तर तो तत्काळ देईल. मग त्यालाच विचारावे, की महाकाली दरवाजा कोठे आहे? अकोल्यात जन्मलेला मुलगा असूनही बहुधा तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. दोष त्याचा नाही. आपणच त्याला कधी अकोटच्या पुढे नेले नाही.

नुसत्या दरवाजाने नाव मिळविलेली स्थळे जगात आहेत. स्पेनमधील ग्रॅनडा शहरी अल-हमरा हा विख्यात राजवाडा आहे. त्याचा 'न्यायाचा दरवाजा' सुलतान पहिला यूसुफ याने १३४८ मध्ये पुरा केला. बाहेरच्या कमानीवर कोरलेला हाताचा पंजा व आतल्या कमानीवर किल्ली. यांचा अर्थ काय, यावर लोक आजही तर्क लढवितात, आणि ते पाहण्यास देशोदेशीचे प्रवासी येतात. १४९२ मध्ये ग्रॅनडाचे राज्य बुडाले. त्याच्या अवघी पाच वर्षे आधी, १४८७ मध्ये, आपल्या वऱ्हाडात सातपुड्याच्या माथ्यावर एक दरवाजा उभा राहिला. तोच हा महाकाली दरवाजा.

अकोटच्या उत्तरेस शहानूर गाव आहे. तेथून नरनाळ्याचा घाट चढू लागलो, की किल्ल्याचे दरवाजे एकामागून एक लागतात. महाकाली दरवाजापाशी मात्र पाय आपोआप थांबतात. आपल्या मुलखातला दगड काळा. घरांच्या जोत्यांना, विहिरींना, वेशींना सर्वत्र तोच. हा दरवाजा पांढरट वालुकाश्माचा आहे. कमानीवर कमळे कोरली आहेत, दोन्ही अंगांस पुढे आलेले सज्जे आहेत, आणि त्यांना दगडी जाळ्या आहेत. या जाळ्यांत निरनिराळी नक्षी आहे. कारागिराने एकच साचा पुन्हा पुन्हा वापरला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. आत पहारेकऱ्यांच्या खोल्या आहेत.

आणि या सर्वांवर अक्षरे आहेत. त्यात कुरआन शरीफच्या आयती आहेत, बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहाचे नाव आहे, बांधणाऱ्या फतहुल्ला इमाद-उल्-मुल्कचे नाव आहे, आणि सन आहे ८९२ हिजरी. मक्तबात ज्या मुलामुलींचे नाझिरा पूर्ण झाले आहे, त्यांनी तेथे दहा मिनिटे नीट उभे राहावे. आपल्या ओळखीचा एखादा शब्द सापडला, की पुढचा शोधावासा वाटतोच. कुरआनाच्या आयती अंगावर वागविणाऱ्या या दरवाजाला सारा परिसर महाकाली दरवाजा म्हणतो, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

हिजरी सनाचा इसवी सन कसा काढावा, हे विद्यार्थी मित्रांनी येथेच शिकून घ्यावे. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून सूर्याची ३२ वर्षे होतात तेव्हा चंद्राची सुमारे ३३ होतात. हिजरी सनातून त्याचे शेकडा तीन वजा करावे आणि ६२२ मिळवावे. ८९२ चे शेकडा तीन म्हणजे सुमारे २७. राहिले ८६५. त्यात ६२२ मिळविले, की १४८७. क्वचित एका वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालवून घ्यावा.

आता ज्याने हा दरवाजा बांधला त्याच्याविषयी. फतहुल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू होता, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. लढाईत लहानपणी पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी चाकरीस लागला आणि आपल्या कर्तबगारीने स्वतःच वऱ्हाडचा सुभेदार झाला. बहमनी राज्य ढासळू लागले तेव्हा, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही त्याच्या इमादशाहीची राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरकरांनी ती जिंकेपर्यंत हे राज्य टिकले.

अचलपूरला गेलात तर गावाबाहेरील हौज कटोरा पाहण्यास विसरू नये. हौदाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. आज तीन मजले उरले आहेत, पूर्वी पाच होते असे सांगतात.

पण फतहुल्लाची खरी खूण वर चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर आहे. १४८८ च्या सुमारास त्याने हा किल्ला पुन्हा मजबूत केला. तेथील दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरला आहे. हा दोन तोंडांचा पक्षी असून त्याने हत्ती पकडले आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या राज्यातले ओळखीचे चिन्ह. बालपणी सुटलेल्या मुलखाची आठवण म्हणून त्याने ते कोरून घेतले की काय, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मला मात्र तसे वाटते. ग्रॅनडाच्या पंजाइतकेच हेही कोडे आहे; फरक इतकाच, की ते सोडविण्यास आपल्याकडून कोणी फारसे जात नाही.

जे जातात, त्यांतले काही कोळसा नाहीतर खिळा घेऊन जातात. पाचशे वर्षांच्या कोरीव ओळीशेजारी आपले व आपल्या गावाचे नाव लिहितात. यात आपली मुलेही असतात, हे पालकांनी मान्य करावे. हे किल्ले १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत. नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या धाकाने नव्हे, पण मुलांना ती अक्षरे वाचता येऊ लागली तर खिळा खिशातच राहील असे मला वाटते.

सहल नेण्यापूर्वी वर्गात एक हिशेब घालावा. गाविलगडावरील बहराम बुरुजाचा सन ९८५ हिजरी आहे. उत्तर १५७७ आले पाहिजे.