नियमित गुंतवणूक आणि उद्दिष्टांचा आढावा : जालना जिल्हा

ठरलेली रक्कम ठरल्या तारखेला आपोआप बाजूला पडेल अशी सोय करणे आणि ती ज्यासाठी साठवायची त्या शिक्षण, लग्न, विहीर, घर, म्हातारपण अशा गरजांचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडणे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. 1 मे 1981 रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्यात तो जरा निराळा होतो, कारण इथे पैसा दोन पंचांगांनी घरात येतो. शहराभोवतीचे लोखंडाचे कारखाने, बियाणे कंपन्या, शाळा आणि कचेऱ्या यांतला पगार महिन्याचा. भोकरदन, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडे मात्र सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, कापसाचे वेचणीप्रमाणे आणि मोसंबीचे बहराप्रमाणे येतात.

आपोआप बचतीची कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. दुकानदाराकडून रोज थोडी रक्कम गोळा करणारी पिग्मी 1928 साली सिंडिकेट बँकेने सुरू केली. पुढे पतसंस्थांनी ती गावोगाव नेली. महिला बचत गटांची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. हप्ता आणि आढावा दोन्ही तिच्यात एकाच बैठकीत होतात, म्हणून ती पद्धत फार मोलाची आहे. भिशीत शिस्त असते. मात्र तिथला पैसा वाढत नाही, फक्त फिरतो.

आज खातेदाराने एकदा संमती दिली की बँकांच्या ‘नॅच’ यंत्रणेतून किंवा 2020 पासून यूपीआय ऑटोपेने हप्ता वळता होतो. पगारदाराने पगारानंतरची दोन-तीन दिवसांतली तारीख धरावी. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. शेतकरी कुटुंबाने म्युच्युअल फंडाची महिन्याची एसआयपी लावली की श्रावणात, खत-फवारणीने खाते रिकामे असताना, नेमके हेच होते. दोष कुटुंबाच्या शिस्तीचा नसतो, तारखेचा असतो.

अशा घरासाठी टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्त ठेव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली आरडी, अधिक सोयीची. किमान हप्ता 100 रुपये. एकदम आगाऊ भरल्यास शंभराच्या 6 हप्त्यांवर 10 रुपये आणि 12 हप्त्यांवर 40 रुपये सूट मिळते. म्हणजे सोयाबीनची पट्टी हातात पडताच वर्षाची चिंता संपते. 2015 च्या अटल पेन्शन योजनेतही हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो. 18 ते 40 वयोगटाला ती खुली आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र 1 ऑक्टोबर 2022 पासून नव्याने सामील होता येत नाही. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धी खाते उघडले, तर वर्षाला 250 रुपयांपासून दीड लाखापर्यंत कधीही भरता येतात.

आढाव्यासाठी गुढीपाडव्याइतका सोयीचा दिवस नाही. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि नवे ठरते. खरिपाचे बहुतेक पैसे तोवर आलेले असतात आणि बी-बियाण्यांची खरेदी अजून पुढे असते. त्या दिवशी आकडेही बदलून पाहावेत : आज 5 लाखांचे शिक्षण दरवर्षी 7 टक्क्यांनी महागले तर दहा वर्षांनी त्याला सुमारे 9 लाख 84 हजार लागतील. हप्ता जुनाच राहिला तर साठा वाढूनही उद्दिष्ट दूर जाते. अटल पेन्शनमध्ये निवृत्तिवेतनाचा टप्पा वर्षातून एकदा वर-खाली करता येतो. उद्दिष्टांचा क्रमही बदलावा लागतो. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. वर्षांची मेहनत एका उन्हाळ्यात गेली. म्हणून बाग असलेल्या घरात आधी अडीनडीचा राखीव पैसा, मग लांबचे हप्ते.

पैसा कुठे ठेवला आहे हेही त्याच वेळी तपासावे. बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतली ठेव त्यात येत नाही, आणि म्युच्युअल फंडातली रक्कमही नाही.