ऑफसेट गिटार आणि अब्बांचा बेंजो

अकोल्यात ‘ऑफसेट’ म्हटलं की छपाई. लग्नपत्रिका, उरुसाची पोस्टरं, निवडणुकीची पत्रकं. त्यामुळे अमरावतीहून भाच्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “मामू, ऑफसेट लेना है, आप अब्बू को बोलो ना,” तेव्हा मला वाटलं, पोरगा इंजिनीअरिंग सोडून प्रेस टाकतोय.

मग कळलं, ऑफसेट हा इलेक्ट्रिक गिटारचा एक प्रकार आहे. शिकवण्या घेऊन आणि मोबाईल दुरुस्त करून त्याने दोन वर्षांत बत्तीस हजार रुपये जमवले होते. पैसे त्याचे होते, पण परवानगी दुल्हाभाईंची हवी होती आणि तीच मिळत नव्हती. त्यांचे आक्षेप तीन. गिटार हे फिरंगी वाद्य, आपल्या घरात त्याचं काय काम? मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील? आणि घरात गाणं-बजावणं मुळात हवंच कशाला?

वकिली करायची तर आधी खटला वाचावा लागतो. म्हणून मी या गिटारीचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट वर आली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आधी ऑफसेट म्हणजे काय ते सांगतो. नेहमीच्या गिटारीला दोन्ही बाजूंनी समोरासमोर कंबर असते. ऑफसेट गिटारीत या दोन खाचा एकमेकींसमोर नसतात. एक पुढे सरकलेली, दुसरी मागे. त्यामुळे गिटार तिरपी, जरा कलल्यासारखी दिसते. हे दिसण्यासाठी केलेलं नव्हतं. बसून वाजवणाऱ्याच्या मांडीवर वाद्य नीट टेकावं, हा त्यामागचा हेतू होता.

हे काम लिओ फेंडरचं. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात हा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ मध्ये त्याच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर काढली आणि ती पुढे जगभर गेली. पण जॅझ वाजवणारे प्रतिष्ठित वादक त्याच्या गिटारींकडे वळत नव्हते. हे लोक खुर्चीवर बसून, मोठ्या पोकळ पेटीच्या गिटारी वाजवत. त्यांना जिंकण्यासाठी फेंडरने १९५८ मध्ये जॅझमास्टर आणली. सरकलेली कंबर, रुंद चपटे पिकअप, मऊ आवाजासाठी वेगळं सर्किट, नव्या पद्धतीचा तरंगता ट्रेमोलो आणि शिसवी जातीच्या लाकडाची स्वरपट्टी. त्या वेळी कंपनीची ही सगळ्यात महाग गिटार होती.

जॅझवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्यांना आपली पोकळ पेटीच बरी वाटली.

ती उचलली वेगळ्याच लोकांनी. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांचं एक संगीत तेव्हा जन्माला येत होतं, सर्फ संगीत. जॅझमास्टर आणि तिच्यामागून १९६२ मध्ये आलेली जॅग्वार ही त्या पोरांची वाद्यं झाली. १९६४ मध्ये शिकाऊ मुलांसाठी मस्टँग आली, आकाराने लहान, किमतीने कमी. पुढे सर्फची लाट ओसरली. जॅग्वारचं उत्पादन १९७५ मध्ये थांबलं, जॅझमास्टरचं १९८० मध्ये.

खरी गोष्ट यानंतरची आहे. बंद पडलेल्या, कुणाला नको असलेल्या या गिटारी अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या आणि गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागल्या. ज्यांच्याकडे स्ट्रॅटोकास्टरचे पैसे नव्हते अशा पोरांनी त्या घेतल्या. सॉनिक यूथसारख्या बँडने त्यांच्या तारा हव्या तशा जुळवून त्यातून कुणी न ऐकलेला गोंगाट काढला. निर्वाणाच्या कर्ट कोबेनच्या हातात १९६५ ची जॅग्वार होती आणि मस्टँगही. १९९१ मध्ये निर्वाणाच्या गाण्यांनी जग हलवलं. लिओ फेंडर त्याच वर्षी वारला. जी गिटार त्याने खुर्चीवर बसणाऱ्या सभ्य वादकांसाठी घडवली, ती फाटक्या स्वेटरातल्या पोरांची खूण झाली होती.

इथवर वाचलं आणि मला अब्बांचा बेंजो आठवला.

अब्बा तरुणपणी एका कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. अचलपूरला दूल्हा रहमान शाह यांच्या उरुसाला, बाळापूरला, कधी एखाद्या लग्नात. पार्टीत दोन हार्मोनियम, ढोलक, टाळ्या देणारे चौघे आणि कोपऱ्यात मांडी घालून बसलेले अब्बा. डाव्या हाताची बोटं टाईपरायटरसारख्या कळांवर, उजव्या हातात नखी. बेंजोची तार लागली की शामियान्यातली मागची माणसंही सरसावून बसायची.

या वाद्याचा प्रवास कुणी नीट सांगत नाही. आपण ज्याला बेंजो किंवा बुलबुल तरंग म्हणतो, ते मुळात जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो याने ते बनवलं. त्याच वर्षी जपानात ताइशो सम्राटाचं युग सुरू झालं, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. घरच्या घरी सहज शिकता यावं म्हणून त्याला टाईपरायटरच्या धर्तीवर कळा बसवल्या. ते भारतात आलं आणि त्याचं नाव बदललं. खरा बँजो तर वेगळाच. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो घडवला. त्याचं नाव आपण या जपानी पेटीला देऊन टाकलं.

नाव दुसऱ्याचं, जन्म तिसरीकडचा, आणि वाद्य मात्र पुरतं आपलं झालं. कव्वालीत ते गेलं, भीमगीतांत गेलं, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत गेलं. कुणीतरी त्याला पिकअप लावला, तारेतून स्पीकरला जोडलं, आणि महाराष्ट्रात ‘बँजो पार्टी’ हा शब्दच रूढ झाला. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्याच नावाचा हिंदी सिनेमाही काढला. इलेक्ट्रिक तंतुवाद्य आपल्या मोहल्ल्यात नवं आहे, असं म्हणणाऱ्याने एकदा वरातीतला ठेला आठवावा. लोखंडी चाकं, जनरेटर, भोंगे आणि वर बसलेला बेंजोवाला. तो कितीदा तरी आपलाच कुणी चाचा असतो.

मग ‘फिरंगी’ म्हणायचं कुणाला? गिटार या शब्दाचीच वाट बघा. ग्रीक ‘किथारा’, अरबी ‘कितारा’, स्पॅनिश ‘गितारा’. युरोपातलं ल्यूट हे तर नावासकट अरबांचं ‘अल-ऊद’. बगदादहून निघालेला झिरयाब ८२२ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाच्या दरबारात पोहोचला, आणि ऊदला पाचवी तार त्याने जोडली असं परंपरा सांगते. सर्फ संगीताचा बादशाह म्हणवला गेलेला डिक डेल हाही एका लेबनानी बापाचा मुलगा. त्याचा काका ऊद वाजवायचा. १९६२ मध्ये त्याने जी ‘मिसिरलू’ची धून वाजवून नाव कमावलं, ती पूर्व भूमध्य समुद्राकाठची. शब्दाचं मूळ तुर्की ‘मिसिरली’, म्हणजे मिसरचा. डेलच्या हातात ऑफसेट नव्हती, स्ट्रॅटोकास्टर होती, हेही सांगून टाकतो. पण ज्या किनाऱ्यावर जॅझमास्टरला घर मिळालं, तिथल्या वाळूत आपल्या ओळखीचे सूर आधीच मिसळलेले होते.

आणि ‘आपलं’ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या सतारीचं काय? मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते घडवणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि हत्यारं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या मुसलमान कारागिरांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचं काम सरलं तसे तेच हात भोपळा आणि तुणीच्या लाकडाकडे वळले. वाद्य कुणाचं, हा प्रश्न विचारायचा तर उत्तर जन्मदाखल्यात मिळत नाही. ते कुणाच्या हातात टिकलं, यात मिळतं.

अब्बांच्या हातात बेंजो टिकला नाही. मी शाळेत होतो तेव्हा घरातल्याच काही वडीलधाऱ्यांनी ‘हे सोडा’ म्हणून धोशा लावला. अब्बांनी वाद घातला नाही. बेंजो काही वर्षं माळ्यावर पडून होता. मग एका बँडवाल्याला विकला. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं. संगीताच्या वैध-अवैधतेवर आलिमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. फाराबीने दहाव्या शतकात संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला, गझालीने समाच्या अटींची चर्चा केली, चिश्ती खानकाहांनी समा जपला, आणि ज्यांनी तो नाकारला तेही कमी विद्वान नव्हते. तो वाद मी इथे मिटवणार नाही. पण ज्या वादात एका माणसाचा आवाज न विचारता काढून घेतला जातो, तो वाद इल्मचा राहत नाही, दबावाचा होतो. हेच मी दुल्हाभाईंना सांगितलं.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नमाज़ के वक़्त नहीं, और इशा के बाद आवाज़ बाहर नहीं आना.” त्यांचं मत बदललं नव्हतं. पण त्यांनी दार लोटून घेतलं नाही. हेडफोन लावता येणारा छोटा अँप्लिफायर घ्यायचा असं ठरलं.

आता प्रश्न उरला, घ्यायची कोणती. नागपूरच्या दुकानात आम्ही दोन तास बसलो. वऱ्हाडातल्या घराला लागू पडतील अशा तीन-चार गोष्टी शिकलो, त्या कुणाच्या कामी येतील म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट लांबीची. जॅझमास्टरच्या तारेची मोजलेली लांबी साडेपंचवीस इंच, जॅग्वार आणि मस्टँगची चोवीस. दीड इंचाने तार सैल लागते आणि पडदे जवळ येतात. हात लहान असेल तर फरक लगेच कळतो.

दुसरी गोष्ट गुणगुणण्याची. एकेरी वेटोळ्याचे पिकअप घरातल्या विजेची घरघर पकडतात. जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर जास्तच. जॅझमास्टरचे दोन्ही पिकअप एकत्र लावले की ती घरघर कटते. जॅग्वारच्या पिकअपभोवती त्यासाठी धातूच्या दातेरी पट्ट्या असतात. गिटारीवर खर्च करण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्यावं.

तिसरी गोष्ट पुलाची. जुन्या धाटणीच्या ऑफसेटवर बारीक तारा लावल्या तर जोरात वाजवताना त्या खाचेतून उडतात, पूल खडखडतो. ही गिटार जाड तारांच्या जमान्यात घडली होती, म्हणून अकरा नंबरच्या किंवा त्याहून जाड तारा लावाव्यात. काही स्वस्त मॉडेलांत तो तरंगता ट्रेमोलो नसतोच. शिकणाऱ्याला ते सोयीचंच.

चौथी गोष्ट आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळा येतो. लाकडी मान वाकते, सरळ होते. खरेदी करताना तारेच्या बाजूने मान डोळ्यासमोर धरून बघावी, आतला लोखंडी गज फिरतो का ते विचारावं, आणि गिटार कूलरसमोर ठेवू नये.

स्वरपट्टीचं लाकूड विचारलं तर दुकानदार म्हणाला, “इंडियन लॉरेल.” घरी येऊन शोधलं. तो आपला ऐन निघाला. मेळघाटात सागाच्या सोबतीने उभा असणारा, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन. २०१७ मध्ये शिसवी जातीच्या सगळ्या लाकडांच्या जागतिक व्यापारावर बंधनं आली. दोन वर्षांनी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. फिरंगी गिटारीवर बोटं टेकायची जागा आपल्या रानातल्या झाडाची होती.

भाच्याने शेवटी साध्या पुलाची, जॅझमास्टर धाटणीची एक स्वस्त गिटार घेतली. मस्टँग हाताला सोपी होती, पण त्याचं मन तिरप्या मोठ्या गिटारीवरच होतं. बत्तीस हजारांत अँप्लिफायर बसला नाही. वरचे पैसे मी घातले.

येताना आम्ही अकोल्याला उतरलो. अब्बा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, “तार कौनसे नंबर के हैं?” भाच्याने सांगितलं. मग पलंगावर मांडी घालून त्यांनी ती मांडीवर टेकवली. अँप्लिफायर जोडलेला नव्हता. एक तार छेडली, कान लाकडाला लावला, आणि म्हणाले, “बैठती अच्छी है.”

भाचा म्हणाला, “नाना, ये बैठ के बजाने वालों के लिए ही बनी थी.”